सरईढान्याला, आत्यांना घेऊन

मिलिंदने आमची चांगली चालती गाडी उंच करायला घेतली, त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणजे गाडीशी. मिलिंदशी बोलावंच लागतं, तो नवरा आहे.

गाडी साधी, शहरात फिरणाऱ्या माणसांची. दिसायला जरा दांडगी, पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. भोपाळात अशोका गार्डन वस्तीत फारूखभाईंचं गॅरेज आहे. तिथे मिलिंद दर रविवारी जाऊन बसायचा, आणि दर रविवारी गाडीला काहीतरी नवीन व्हायचं. आधी सस्पेन्शन बदलून ती बोटभर वर गेली, मग आणखी थोडी. मग जाड खाचांचे टायर आले. मग पोटाखाली लोखंडी पत्रा. साडी नेसून त्या गाडीत चढणं म्हणजे माळ्यावर चढण्यासारखं होऊन बसलं. मी महाराणा प्रताप नगरात एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. गेटवर गाडी थांबली की मुलं विचारायची, ‘मॅम, आप जंगल में रहती हैं क्या?’ चार वर्षं मी त्या गाडीचा रागराग केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिचे आभार मानणार आहे आणि ते कुणाला ढोंग वाटायला नको.

निमित्त झालं सुमनआत्यांचं. त्या मिलिंदच्या आत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी गुडघा बदललाय आणि आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं त्यांना नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, मधलं तेवढं दिसतं आणि कडा अंधारल्या. डॉक्टर म्हणाले, आहे ते थेंबांनी टिकवू, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. घरी येऊन आत्यांनी चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘मिलिंद, माझं एक काम राहिलंय. बुधियाचा चेहरा बघायचाय.’

बुधिया कोण, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आत्यांची पहिली नेमणूक तामियाच्या पलीकडे डोंगरात, सरईढाना नावाच्या वस्तीवर. तिकडे वस्तीला ढाना म्हणतात. आत्या तेव्हा चोवीस वर्षांच्या, एकट्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना मलेरिया झाला आणि शुद्ध गेली. तेव्हा गावातल्या चौघांनी त्यांना खाटेवर घालून डोंगर उतरवून सडकेपर्यंत आणलं. दिवसभर चालले. चौघांत तीन पुरुष आणि एक बुधिया. शाळेचं पाणी भरायची, आत्यांच्याच वयाची. ‘मधे एकदा मी डोळे उघडले,’ आत्या म्हणाल्या, ‘तर डोक्याच्या बाजूला ती. मला तिची फक्त हनुवटी दिसली, खालून. हनुवटीवरून घाम गळत होता. शेवटचं पाहिलं ते एवढंच.’ दवाखान्यातूनच त्यांची बदली झाली आणि त्या परत कधी गेल्या नाहीत.

‘का नाही गेलात?’ मी विचारलं.

‘आळस,’ आत्या म्हणाल्या. ‘लग्न, मुलं, बदल्या, ही सगळी नावं आहेत. साधं धन्यवादसुद्धा म्हटलेलं नाही गं मी तिला.’

मिलिंदने तामियाला ओळख काढून चौकशी केली. बुधियाबाई आहेत, पण आता त्यांचं काही खरं नाही, असा निरोप आला. शिवाय ढान्याच्या वाटेवरची पुलिया, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, यंदाच्या पावसात वाहून गेली होती, त्यामुळे मोटारसायकल कशीबशी जाते, गाडी नाही. आत्यांचा गुडघा मोटारसायकलवर बसण्यातला नाही. हे ऐकून मिलिंदचा चेहरा जो उजळला, तो पाहून मी कपाळावर हात मारला. चार वर्षं तो ह्या एका वाक्याची वाट पाहत होता.

भोपाळ ते तामिया

नोव्हेंबरात एका शनिवारी उजाडताना निघालो. पुढे फारूखभाई त्यांच्या छोट्या फोर बाय फोर जीपमध्ये. ही जीप म्हणजे चारही चाकांना जोर असलेली काडेपेटी. मिलिंद तिला खेळणं म्हणतो आणि फारूखभाई आमच्या गाडीला दुल्हन म्हणतात. मागे आम्ही तिघं. आत्यांसाठी फारूखभाईंनी दाराशी घडीची लोखंडी पायरी बसवली होती, आणि आत धरायला कुठल्याशा जुन्या बसमधला दांडा. ‘आत्याजी, ये पकड़ो और रानी बनके बैठो,’ असं म्हणून त्यांनी स्वतः चढवून दाखवलं. आमच्या नात्यातला असा कुणी नाही ज्याने आत्यांच्या गुडघ्याचा इतका विचार केलाय.

ओबेदुल्लागंजला नाश्ता. मी साताऱ्याची. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. इथे शेव, बडीशेप आणि बाजूला जिलबी. लग्न होऊन आले तेव्हा पोह्यांबरोबर जिलबी बघून मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे. आता बावीस वर्षांनी जिलबीशिवाय पोहे समोर आले तर माझंच तोंड उतरतं. आत्यांनी दोन जिलब्या खाल्ल्या आणि मधुमेहाचा विषय निघायच्या आत गाडीत जाऊन बसल्या.

बुधनीच्या घाटात साग पिवळा पडायला लागला होता. नर्मदेच्या पुलावर मिलिंदने वेग कमी केला, आत्यांनी हात जोडले. पिपरियात फारूखभाईंनी पेरू घेतले, आणि मटकुली सोडल्यावर रस्ता साताऱ्याच्या घाटांसारखा वर वर जायला लागला. एवढाच फरक की इथे वळणावर कणसं विकायला कुणी बसलेलं नव्हतं. खाली दरी, दरीत धुकं. आत्यांना दरी दिसत नव्हती, म्हणून मी सांगत होते, डावीकडे काय, उजवीकडे काय. मधेच त्या म्हणाल्या, ‘एवढं सगळं नको सांगूस. मी नजर बुधियासाठी राखून ठेवलीय.’ गमतीत म्हणाल्या, पण मी डावं-उजवं सांगणं बंद केलं.

तामियाला एका छोट्या लॉजवर मुक्काम केला. जेवणात मक्याची रोटी, वांग्याचं भरीत, आणि वालासारख्या शेंगांची उसळ. ही उसळ माझ्या आईच्या हातची म्हणून खपली असती. कृती विचारली, तर लॉजवाल्या बाई म्हणाल्या, ‘इसमें क्या है, उबालो और खाओ.’ माझी आईही अशीच सांगायची.

नाला

दुसऱ्या दिवशी सकाळी तामियाच्या पुढे काही किलोमीटरवर डांबर संपलं. फारूखभाईंनी दोन्ही गाड्यांच्या टायरांतली हवा कमी केली. आत्यांनी विचारलं, हवा भरतात की काढतात? फारूखभाई म्हणाले, ‘आत्याजी, नरम पाँव पत्थर पकड़ता है.’ चप्पल काढून डोंगर चढावा तसं. आत्यांना ते लगेच पटलं.

वाट गावाचीच, बैलगाडीची. मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. जुनी गाडी असती तर पहिल्या शंभर पावलांतच तिचं पोट घासून बसली असती. आमची गाडी हेलकावे खात, दगडांवर एकेक चाक ठेवत, म्हातारी बाई जिना उतरते तशी निघाली. फारूखभाई पुढे. जिथे घोळ असेल तिथे उतरायचे, काठीने जमीन ठोकायचे, आणि मग वॉकी-टॉकीवर सांगायचे. मिलिंद एका शब्दानेही वाद घालत नव्हता. घरी मी गॅसचं बटण बंद करायला सांगितलं तरी तो कारण विचारतो.

आता माझी चूक. किंवा आमची. हे अजून ठरायचंय.

मोडलेल्या पुलियाच्या शेजारून नाल्यात उतरायचं होतं. फारूखभाई जीप घेऊन पलीकडे गेले. मी वळणावर फारूखभाईंचा वॉकी-टॉकी घेऊन उभी होते, कारण मिलिंदला वरून नाला दिसत नव्हता आणि फारूखभाईंना मिलिंद. फारूखभाईंनी पलीकडून सांगितलं, ‘भाभी, भाईजान को बोलो बाएँ हाथ पे पत्थर की लाइन है, उसी पे धीरे-धीरे. बीच में गहरा है.’ तेवढ्यात मिलिंदचा आवाज आला, ‘काय गं, नाला?’

मी म्हटलं, ‘नाला खाली आहे. थांब, सांगते.’

पण बोलता बोलता माझं बोट बटणावरून सुटलं, आणि ‘थांब, सांगते’ माझ्यापाशीच राहिलं.

माझ्या मराठीत खाली म्हणजे खाली, खालच्या बाजूला. मिलिंद भोपाळात जन्मला. त्याच्या घरच्या मराठीत सिलेंडर खाली होतो, डबे खाली असतात, बसमध्ये सीट खाली मिळते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘टाकी खाली आहे,’ आणि मी जिन्याखाली टाकी शोधत फिरले होते. बावीस वर्षांत आम्ही यावर हसून हसून थकलो होतो. ह्या माणसाने ऐकलं, नाला रिकामा आहे, पाणी नाही. आणि पलीकडे चढ आहे हे सकाळी कळल्यापासून तो धास्तावला होता, म्हणून जोर घ्यायला तो वेगात आला.

माझ्या डोळ्यांदेखत गाडी वळणावरून सुटली आणि मधोमध पाण्यात शिरली. पाणी बोनेटवरून उडालं. पुढची चाकं नुसतीच फिरली, पोटाखालचा पत्रा दगडावर आपटला, आणि इंजिन बंद पडलं.  आत आत्या होत्या.

मी धावत खाली गेले. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं, पण वाहतं. आत्या दांडा धरून शांत बसल्या होत्या. ‘पाणी गार आहे,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या पावलांशी गाडीत पाणी आलं होतं.

मिलिंद किल्लीला हात घालणार, तोच पलीकडून फारूखभाई ओरडले, ‘सेल्फ मत मारना.’ किल्ली फिरवली तर इंजिन पाणी आत ओढतं. त्या शांत माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आधी आम्ही दोघांनी आत्यांना धरून पलीकडच्या काठावर आणलं. मग फारूखभाईंनी जीप वळवली, दोन्ही गाड्यांच्या हुकांत जाड पट्टा अडकवला, आणि त्या काडेपेटीने आमची दुल्हन पाण्यातून ओढून पलीकडे कोरड्यात नेली. जीपची चारही चाकं चिखल उडवत होती. खेळणं हा शब्द मिलिंदने त्यानंतर वापरलेला नाही.

फारूखभाईंनी बोनेट उघडलं. इंजिनात पाणी गेलं असेल तर गाडी आज चालू होणार नाही, जीपला बांधून तामियाला ओढत न्यावी लागेल, आणि मग सरईढाना राहिलाच. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण आत्यांचे कान शाबूत आहेत.

‘तू खाली म्हणालीस,’ मिलिंद म्हणाला.

‘खालीच आहे ना? वर आहे का?’

‘मला वाटलं खाली, म्हणजे रिकामा.’

‘रिकामा असता तर मी रिकामा म्हटलं असतं. मी मराठी आहे.’

‘आणि मी काय आहे?’

आत्या दगडावर बसून ओले पाय पुसत होत्या. म्हणाल्या, ‘दोघंही बरोबर आहात, म्हणून तर घोटाळा झाला. आता गप्प बसा, त्याला काम करू द्या.’ मी गप्प बसले आणि मला रडू फुटलं. घाबरल्यामुळे नव्हे. एवढ्या वर्षांनी ही बाई एक गोष्ट मागते, आणि ती माझ्या एका शब्दापायी इथे दगडावर अडकते, ह्याचं मला फार वाईट वाटलं. मी तसं म्हटलंही. आत्या म्हणाल्या, ‘पन्नास वर्षं ही भेट माझ्यामुळे अडकली होती. तुझा तासभर कुठे धरतेस?’

फारूखभाईंनी एअर फिल्टर बाहेर काढला. त्याची फक्त खालची कड ओली होती, मधला भाग कोरडा, म्हणजे पाणी इंजिनापर्यंत गेलं नव्हतं. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, बोट फिरवलं, वर आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि फिल्टर उन्हात दगडावर ठेवला. मग आणखी काय काय उघडून पुसलं. आम्ही तासभर पेरू खात बसलो. तेवढ्यात मोटारसायकलवरून ढान्यातली दोघं आली, थांबली, विचारपूस करून पुढे गेली.

फारूखभाईंनी फिल्टर बसवला आणि म्हणाले, ‘अब अल्लाह का नाम लेके.’ आत्या म्हणाल्या, ‘माझ्याकडूनही रामाचं घे.’ गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. मी जाऊन बोनेटवर हात ठेवला आणि तिला मनापासून म्हटलं, बाई, चार वर्षं बोलले नाही, चुकलं माझं.

सरईढाना

दुपार कलताना पोचलो. मातीने सारवलेली पंधरा-वीस घरं, भिंतींना पांढरा-निळा पट्टा, आणि दाराशी टांगलेली मक्याची कणसं. मोटारसायकलवाल्यांनी आधीच वर्दी दिली होती, त्यामुळे वाटेवरच बुधियाबाईंची सून भेटली. रामकली तिचं नाव. तिने आत्यांचा हात धरला तो अंगणापर्यंत सोडला नाही.

अंगणात बुधियाबाई मक्याचे दाणे सोलत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, काळ्या, ताठ पाठीच्या. केस पांढरे शुभ्र. रामकलीने समोर पाट टाकला. आत्यांना खाली बसता येत नाही, पण त्या बसल्या. कशा बसल्या ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी मान हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एका नजरेत सगळा चेहरा मावत नव्हता, म्हणून आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, गाल, आणि शेवटी हनुवटी. किती वेळ बघत होत्या. बुधियाबाईंनी बघू दिलं.

‘बुधिया,’ आत्या म्हणाल्या, ‘मैं बहनजी. इस्कूल वाली.’

बुधियाबाई हसल्या. पाहुण्याकडे बघून हसावं तसं. ‘बैठो बाई,’ त्या म्हणाल्या. ‘कहाँ से आईं?’

रामकली माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘अम्मा को अब याद नहीं रहता. मुझको भी कभी-कभी पूछती हैं, कौन हो.’

म्हणजे काही खरं नाही, ते हे. मी मिलिंदकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. मला वाटलं, उशीर झाला, संपलं. आत्यांचे डोळे जायच्या आत पोचलो खरे, पण ज्यांना बघायला आलो त्यांच्या आठवणीत आत्याच राहिल्या नव्हत्या.

 आत्यांनी सुपातलं एक कणीस उचललं आणि सोलायला लागल्या. बुधियाबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, कणीस त्यांच्या हातातून घेतलं, अंगठा कसा लावायचा ते दाखवलं आणि परत दिलं. दोघी सोलत राहिल्या. रामकलीने चहा आणला, काळा, गुळाचा. फारूखभाई तो घेऊन दूर झाडाखाली जाऊन बसले.

मग आत्या बोलायला लागल्या. वर्गात पहिलीच्या मुलांना सांगतात त्या आवाजात. ‘बुधिया, एक बहनजी थी. शहर से आई थी. उसको कुछ नहीं आता था, चूल्हा जलाना भी नहीं. बरसात में उसको बुखार आया.’

बुधियाबाई ऐकत होत्या.

‘चार जनों ने उसको खाट पर डाला. तीन आदमी, एक औरत. औरत सिर की तरफ थी. पहाड़ से उतरना था, और पानी गिर रहा था.’

बुधियाबाईंचे हात थांबले. कणीस मांडीवर राहिलं. ‘फिर?’

‘फिर दिन भर चले. कीचड़ था. बहनजी को होश नहीं था. एक बार आँख खुली, तो उसने देखा, वो औरत रुकती नहीं है. कंधा बदलती है, पर रुकती नहीं.’

‘फिर?’ बुधियाबाई पुढे सरकल्या. त्यांचा हात आत्यांच्या गुडघ्यावर आला. चेहऱ्यावर खरी काळजी होती, कुणातरी अनोळखी पोरीसाठी. ‘बची वो?’

 भोपाळपासून आत्या हिंदीत आभाराची वाक्यं जुळवत आल्या होत्या, मी ऐकलं होतं गाडीत पुटपुटताना. त्यातलं एकही आलं नाही. त्यांनी बुधियाबाईंचे दोन्ही हात धरले, दाण्यांच्या धुळीसकट, आणि कपाळाला लावले.

‘बची,’ त्या म्हणाल्या. ‘बची, बुधिया.’

बुधियाबाईंनी समाधानाने मान हलवली. मग हात सोडवून पदराने आत्यांचे डोळे पुसले.

‘तो रोती क्यों हो बाई,’ त्या म्हणाल्या. ‘बच तो गई.’